प्रोसेसरचा ताप

हसणार आहातच तुम्ही, पण हातातला कप आधी खाली ठेवा. मागं एकदा हा प्रकार सांगत होतो, तर आमच्या एका मित्राला असा ठसका लागला की त्याच्या पाठीवर चापट्या मारण्यातच गोष्ट अर्धी राहिली. आज पुरी सांगतो. फजिती माझीच आहे, मग भीती कुणाची?

नव्वदीची शेवटची वर्षं. मी साताऱ्यात एका कॉलेजात शिकवत होतो. नवीन लग्न झालेलं. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला दोन खोल्यांचं भाड्याचं घर, बाहेरून जिना, वर मोकळी गच्ची. रेखा, म्हणजे आमची सौभाग्यवती, पहिल्या बाळंतपणासाठी सातव्या महिन्यात माहेरी गेली, आष्ट्याला. जाताना एसटीच्या खिडकीतून एकच सांगून गेली, "अहो, एक दिवसाआड फोन करा हं. आता आबांनी घरी फोन घेतलाय."

मी म्हटलं, "एक दिवसाआड कशाला? रोज करतो की!"

आणि मग काय झालं? ती गेली आणि घरात कॉम्प्युटर आला.

नोट्स टाइप करायला घेतला, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. तुम्हाला खरं सांगतो. मोटारींच्या शर्यतीचा एक खेळ होता. कॉलेज सुटलं की मी बाइंडिंगची वही टेबलावर टाकायचो आणि त्या मोटारीत बसायचो. तासन्‌तास! भाजी जळाली तरी मी तिसऱ्या वळणावर.

आता ज्याला मोटार पळवायची त्याला वेग कमीच वाटणार. माझा एक जुना मित्र सांगलीत कॉम्प्युटर जोडून द्यायचा. शशिकांत, आमचा शशा. तो म्हणाला, "गड्या, हा जो प्रोसेसर असतो ना, कॉम्प्युटरचा मेंदू, त्याला नेमल्यापेक्षा जास्त वेगानं पळवता येतं. फक्त तो तापतो. तापला की कॉम्प्युटर आडवा."

"मग गार ठेवायचा कसा?"

"परदेशात म्हणे पाणी फिरवतात त्याच्याभोवती. गाडीच्या इंजिनाला फिरवतात तसं. पण आपल्याकडं कोण करतंय लेका!"

कोण करतंय म्हणजे? मी आहे ना!

साताऱ्यात तेव्हा नवीनच सायबर कॅफे निघाला होता. तिथं बसून मी परदेशी लोकांचे उद्योग वाचून काढले. मग कामाला लागलो. लेथवाल्याकडून काडेपेटीएवढी तांब्याची पोकळ वडी करून घेतली, ती प्रोसेसरवर घट्ट बसवली. रंगाचा रिकामा डबा घासून त्यात पाणी भरलं, कूलरमधला छोटा पंप आत सोडला, झाकणाच्या फटीत सुताराची लांबी भरून ते हवाबंद केलं. भंगारातून एका जुन्या मोटारीचा रेडिएटर आणला. म्हणजे ती जाळीची पेटी हो, जिच्यातून गरम पाणी फिरून गार होतं. तो ठेवला थेट गच्चीवर! वर वारा चांगला लागतो ना. वर ठेवायच्या आधी त्याला काळ्या ऑइलपेंटचे दोन हात दिले. इतका सुंदर दिसायला लागला की त्याचं झाकण कुठं आहे ते मलासुद्धा दिसेना. दोन नळ्या खिडकीतून खाली सोडल्या. एकीतून पाणी वर, दुसरीतून खाली.

बटण दाबलं. पंप गुणगुणला. मी दोन्ही हात कमरेवर ठेवून स्वतःकडंच बघून हसलो.

आणि प्रोसेसर तापला.

असा तसा नाही. पन्नास-पंचावन्न अंश ठीक होतं, हा गेला अठ्ठ्याहत्तरवर. मोटार तिसऱ्या वळणावर आली की पडदा गोठायचा. बंद करा, परत चालू करा, परत तिसरं वळण, परत गोठला.

मग सुरू झाली माझी वैद्यकी. कॅबिनेटची दारं काढून टाकली. टेबलफॅन लावला. प्रोसेसर आणि तांब्याची वडी यांच्यामध्ये एक पांढरं मलम लावतात, ते पुसून परत लावलं, परत पुसून जरा कमी लावलं. पाण्यात घाण असेल म्हणून पाणी उकळून, गाळून, गार करून भरलं. डब्याभोवती बर्फाच्या पिशव्या बांधल्या. एक वही केली. कॉम्प्युटर चालू होताना एक कळ दाबली की निळा पडदा येतो, त्यावर प्रोसेसरचं तापमान दिसतं. ते दर तासाला वहीत लिहायचं. तारीख, वेळ, अंश. गच्चीवर जाऊन रेडिएटरला हात लावून बघायचो, तर तो बर्फासारखा गार. मला केवढा आनंद व्हायचा! म्हणायचो, बाकी काही का असेना, रेडिएटर उत्तम काम करतोय.

या वाक्यावर आत्ता हसू नका. पुढं तुम्हाला जास्त चांगली संधी मिळणार आहे.

आठवडा झाला. शेवटी एका सकाळी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून शशाला फोन लावला. त्या आठवड्यातला पाचवा.

आता शशाचा फोन कुठं होता, तर त्याच्या वडिलांच्या पिठाच्या गिरणीत. वडील म्हणजे तात्या. गिरणीच्या घरघराटात तीस वर्षं काढून तात्यांचे दोन्ही कान पार कामातून गेलेले. पण मनानं लाखमोलाचा माणूस. रेखाचं स्थळ माझ्यासाठी त्यांनीच आणलं होतं. तिच्या वडिलांचे ते जुने स्नेही. मला ते नावानं कधी हाक मारत नसत, 'प्रोफेसर' म्हणायचे. हे लक्षात ठेवा, कारण मी ते विसरलो होतो.

"हॅलो! तात्या! शशा आहे का?"

मागून गिरणी घर्र घर्र घर्र.

"शशा कोल्हापूरला गेलाय! कोन बोलतंय?"

"मी बोलतोय, साताऱ्याहून!"

"सातारा? काय, प्रोफेसर?"

मला ऐकू आलं 'प्रोसेसर'. आठवडाभर डोक्यात दुसरं काही होतं कुठं? मला वाटलं, शशानं बापाला सगळं सांगून ठेवलेलं दिसतंय. केवढं कौतुक वाटलं मला त्या घराचं!

"हो हो, प्रोसेसरच! लय तापलाय तात्या! ऐंशीच्या घरात गेलाय!"

"आरं द्येवा! कवापास्नं?"

"आठ दिवस झाले! सगळं करून बघितलं. मलम लावलं, बर्फ ठेवला, पाणी चढवलंय, तरी उतरत नाही!"

"पानी चढिवलंय?" तात्यांचा आवाज कापायला लागला.

"चढवलंय, पण आत फिरतंय असं वाटत नाही! मधूनच बंद पडतो. मग परत चालू होतो. आज तर सकाळपासनं तीनदा बंद पडला!"

"तीनदा? आरं मग घरच्यास्नी कळीवलं का न्हाई?"

"घरच्यांना कशाला तात्या! तुम्ही फक्त शशाला लगेच पाठवा. आता माझ्या हातात काही राहिलं नाही!"

हे शेवटचं वाक्य मी अगदी कळवळून म्हटलं. आणि फोन ठेवला.

घरी आलो. वाटलं, शशा कोल्हापूरहून परस्पर येईल दुपारपर्यंत. नळ्या तपासायला गच्चीवर जायचं होतं, तो आला तर खाली दार वाजवत बसेल. म्हणून दाराला एक चिठ्ठी चिकटवली आणि वर गेलो. ऊन बरंच होतं, डोक्यावर ओला पांढरा टॉवेल घेतला.

तिकडं सांगलीत काय झालं ते मला नंतर कळलं. तात्यांनी गिरणी बंद केली. भर दळणाच्या वेळी! बायका डबे घेऊन रांगेत उभ्या, आणि तात्या डोळे पुसत आष्ट्याला फोन लावतायत. फोन घेतला रेखानंच.

"पोरी, आबाला दे फोन. न्हाई, तुझ्याशी न्हाई बोलायचं, आबाला दे."

आता असं म्हटल्यावर कुठली बाई फोन सोडेल? तिनं सगळं काढून घेतलं. प्रोफेसरांना आठ दिवस ताप, सलाईन लावलंय, अंगात फिरत नाही, आणि काळीज मधून मधून बंद पडतंय. सकाळपासून तीनदा!

दुपारी चारचा सुमार. मी गच्चीवर एक नळी कानाला लावून पाणी वाहतंय का ऐकत होतो. खाली जीप थांबल्याचा आवाज आला. वाटलं, आला शशा! कठड्यावरून वाकून बघतो तर जीपमधून कोण उतरतंय? रेखा. आठव्या महिन्याला टेकलेली, एका हातानं कंबर धरलेली, केस विस्कटलेले. आणि तिला हाताला धरून तिचे वडील. रेखा त्यांना आबा म्हणते, मी मामा. लष्करात गाड्या दुरुस्त करण्यात उमर घालवलेले हवालदार. ताठ बांधा, पांढऱ्या मिशा, बोलणं मोजकं.

मला काही उमजेना. ही मंडळी आज इथं कशी?

तोवर मामा दारापाशी पोचले आणि त्यांनी चिठ्ठी मोठ्यानं वाचली.

"'मी वर गेलोय. दार ढकललं की उघडतं. वाट बघतोय, लवकर ये.'"

रेखा मटकन पायरीवर बसली.

मामांनी चिठ्ठी उलटीसुलटी करून बघितली. मग म्हणाले, "आगं, उठ. वर गेल्याला मानूस चिठ्ठी लिवून जातुय व्हय?"

मी वरून ओरडलो, "आलो, आलो!"

रेखानं वर पाहिलं. कठड्यावरून डोकावणारं एक तोंड. तीन दिवसांची दाढी, शर्यतीपायी लाल झालेले डोळे, गालावर काळ्या रंगाचा फराटा आणि डोक्यावरून पांढरं फडकं. ती जी किंचाळली, ती किंकाळी किल्ल्यापर्यंत गेली असणार.

दोन-दोन पायऱ्या गाळत खाली आलो. तिनं मला बोलूच दिलं नाही. आधी कपाळाला हात लावला. मग गालाला. मग मानेला, मग शर्टाचं बटण काढून छातीला. तिचा हात थंड पडलेला.

"ताप कुठाय?" ती म्हणाली.

"आत आहे. टेबलावर."

"काय?"

"टेबलावर आहे. अगं, पण तुला कोणी सांगितलं त्याला ताप आहे म्हणून?"

आता तुम्हीच सांगा, ह्या संभाषणाचं काय होणार? तिला वाटलं, ताप मेंदूत गेला. ती मामांकडं बघून हुंदके द्यायला लागली. मामांनी शांतपणे मला दंडाला धरलं, आत नेलं, खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, "जावईबापू, पयल्यापास्नं सांगा. सावकाश. कुनाला ताप आलाय?"

"प्रोसेसरला."

"व्हय, म्हंजे तुमालाच की."

"नाही हो मामा! प्रोफेसर नव्हे, प्रोसेसर! फे नव्हे, से! ह्या मशिनमधला!"

डब्यातला पंप गुणगुणतच होता. मी बोटानं दाखवलं. उघडं कॅबिनेट, त्यावर वळलेला टेबलफॅन, बर्फाच्या पिशव्या, दोन नळ्या. खरंच आयसीयूसारखं दिसत होतं सगळं.

मला वाटलं, आता हसतील. मी स्वतः हसायला सुरुवातही केली. पण माझ्या एकट्याचंच हसू त्या खोलीत ऐकू यायला लागलं, तेव्हा थांबलो.

रेखानं टेबलावरची वही उचलली होती. पानं उलटत होती. एका पानावर थांबली.

"मंगळवारी सात वेळा बघितलाय," ती म्हणाली. "सकाळी आठला एकाहत्तर. नऊला चौऱ्याहत्तर. अकराला…"

"हो, त्या दिवशी जरा जास्तच…"

"मंगळवारी मला ताप होता. बुधवारीपण होता."

मी म्हटलं, "मला कळवलं का नाही?"

"तुमचा फोन आला असता तर कळवलं असतं."

ती रागानं बोलली असती ना, तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. ती रागानं बोललीच नाही. वही मिटून जागेवर ठेवली, कड सरळ केली, आणि म्हणाली, "आता बरी आहे मी. डॉक्टर म्हणाले, बाळही ठीक आहे. पाणी देता का जरा?"

मी स्वयंपाकघरात गेलो. हंडा रिकामा. कळशी रिकामी. घरातलं सगळं पिण्याचं पाणी त्या डब्यात आणि रेडिएटरच्या नावानं गेलं होतं. एका पातेल्यात तेवढं प्रोसेसरसाठी उकळून गाळून गार केलेलं पाणी होतं. त्यातलं फुलपात्रभर आणून तिला दिलं. ती घोट घोट पीत होती आणि मी समोर जमिनीवर बसून बघत होतो. शंभरेक किलोमीटर जीपमध्ये बसून आली होती ती. रस्ता कसा होता तेव्हाचा, आठवतंय ना? कऱ्हाडपर्यंत म्हणे एक शब्द बोलली नव्हती, फक्त जीपवाल्याला दर दहा मिनिटांनी म्हणत होती, "दादा, जरा जोरात."

"चुकलं माझं," मी म्हटलं.

तिचा हात आला आणि परत माझ्या कपाळावर ठेवला गेला. ताप नाही हे कळल्यावरही तिनं तो लगेच काढला नाही.

मामा इतका वेळ खिडकीबाहेर बघत उभे होते. आता त्यांनी बाह्या वर सारल्या.

"चला," म्हणाले, "आलोच हाय तर पेशंट बघूया."

मी म्हटलं, "मामा, राहू दे आता ते."

"ऱ्हाऊ दे कसं? तुमच्यापायी तात्याची गिरन बंद पडलीया, माझी लेक एवढ्या लांब आलीया. ह्यो कोन पावना हाय ते तर बघू!"

त्यांनी मशीन चालू करायला लावलं आणि प्रोसेसरवरच्या वडीतून निघालेल्या नळीला हात लावला. "चटका बसतुय." मग जिना चढून वर आले. माझा काळाभोर, चकचकीत रेडिएटर बघितला. त्याला इथं, तिथं, मागून, पुढून हात लावला.

"ह्यो तर गारठलाय."

मी एकदम उत्साहात आलो. म्हटलं, "हो ना मामा! रेडिएटर एकदम फर्स्ट क्लास आहे. बघा कसा गार राहतो! दोष दुसरीकडं कुठंतरी आहे!"

मामांनी माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. लष्करात नव्या रिक्रूटांकडं असंच बघत असणार ते.

"जावईबापू, इंजान तापलंय आन्‌ रेडिएटर गार हाय, तर त्याचा अर्थ काय?"

"रेडिएटर चांगला आहे…"

"आवं, त्याचा अर्थ गरम पानी हितवर आलंच न्हाई! आलं असतं तर ह्यो तापला नसता व्हय?"

मी परत एकदा रेडिएटरला हात लावून बघितला.

"पानी कुठनं भरलं तुमी?"

"खालून. डब्यातून."

"मग वरची हवा जानार कुठनं? हितं टकुऱ्यात बसलीया ती. बारका पंप तो, बिचारा खालनं ढकलून ढकलून दमलाय. झाकान कुठाय ह्याचं?"

झाकण! दोन हात ऑइलपेंटखाली ते कुठं होतं देवाला ठाऊक. मामांनी नखानं खरवडून शोधून काढलं. जीपमधून पाना आणला, फडकं गुंडाळलं, दात-ओठ खाऊन पिळलं. भस्सकन आवाज झाला. मग मला हुकूम, "पानी आना."

शेजारून घागर मागून आणली. मामा वरून सावकाश पाणी ओतत होते आणि आतून बुडुक, बुडुक, बुडुक असे बुडबुडे येत होते. किती हवा होती म्हणून सांगू! संपेचना. नळ्या दाबायच्या, सोडायच्या, परत ओतायचं. शेवटी पाणी काठोकाठ आलं आणि हललं नाही. मामांनी झाकण आवळलं.

"खाली बघा म्हनावं किती हाय."

रेखा खाली त्या निळ्या पडद्यासमोर खुर्ची ओढून बसली होती. मी कठड्यावरून विचारलं. खिडकीतून तिचा आवाज आला, "एकोणऐंशी!"

थोड्या वेळानं, "सत्तर!"

मग, "अहो, एकसष्ट झाला! उतरतोय हो, उतरतोय!"

आणि मग ती न विचारताच ओरडायला लागली. "छप्पन्न!… पन्नास!… शेहेचाळीस!" त्रेचाळीसवर ती टाळ्या वाजवत होती. बाहेर शेजारची माणसं जमा झाली होती, त्यांनाही आनंद झालेला. का झाला, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

मी रेडिएटरला हात लावला. छान कोमट लागत होता.

मामा हात पुसत कठड्यावर टेकले. "लगीन झालं तवापास्नं इचारीन म्हनतोय. कालेजात इशय कंचा शिकिवता तुमी?"

"फिजिक्स."

"म्हंजे काय असतं त्यात?"

"म्हणजे… असं… उष्णता वगैरे."

खालून, खिडकीतून, रेखाचा आवाज आला. "वगैरे नाही हो आबा! उष्णताच शिकवतात! पुस्तक लिहिणारेत त्याच्यावर!"

मामा जावयाचा मान राखणारे माणूस. ते हसले नाहीत. ते फक्त पाठ फिरवून किल्ल्याकडं बघत उभे राहिले. खांदे मात्र बराच वेळ हलत होते.

तसाच त्यांच्याबरोबर जीपमध्ये बसून आष्ट्याला गेलो. कॉलेजात रजा टाकली. निघताना मशीनचं बटण मी माझ्या हातानं बंद केलं. रेखानं काही म्हटलं नव्हतं. गाडीत ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली, आणि रस्त्यात खड्डा आला की मी जीपवाल्याला म्हणत होतो, "दादा, जरा हळू."

पण थांबा, किस्सा अजून संपला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर सासुरवाडीच्या अंगणात ही गर्दी! आदल्या दिवशी जीप निघाली तेव्हाच गल्लीत बातमी गेली होती की आबांचा साताऱ्याचा जावई अखेरच्या घटका मोजतोय. कुणी शहाळी आणलेली, कुणी मोसंबी. एका आजीनं अंगारा आणलेला.

सासूबाई माझ्यापुढं हात जोडून उभ्या. "आता ह्यास्नी काय सांगू? मशीन आजारी व्हती म्हनून? गल्लीत त्वांड दाखवायला जागा ऱ्हायची न्हाई. तुमी आपलं घटकाभर पडा की!"

पडलो. करतो काय! भर उन्हाळ्यात गळ्यापर्यंत घोंगडं घेऊन बाजेवर पडलो. लोक यायचे, उशाशी बसायचे, म्हणायचे, "चेहरा किती उतरलाय!" मी खोकायचो. सासूबाईंनी तांदळाची पेज केली, ती सगळ्यांसमोर रेखानं मला चमच्यानं भरवली. तिच्या डोळ्यांत अशी चमक होती की काय सांगू! चमचा मुद्दाम कढत भरत होती.

आणि मग सांगलीहून तात्या आले. गिरणी त्या दिवशीही बंद ठेवून. हातात सफरचंदांची पिशवी. मला बघितलं मात्र, त्यांच्या डोळ्यांना धारा. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले,

"प्रोफेसर, त्या मानसाचं उपकार इसरू नगा."

"कुठल्या माणसाचे, तात्या?"

"ज्यानं फोन केला साताऱ्यास्नं! नाव कळलं न्हाई त्याचं. पर काय कळवळून बोलत व्हता वो तुमच्याबद्दल! सख्खा भाऊ बोलायचा न्हाई असा. रडायचाच तेवढा ऱ्हायला व्हता!"

घोंगडं मी डोक्यावरून ओढून घेतलं. आतल्या आत घाम फुटला.

"डाक्टर काय म्हनलं?" तात्या ओरडले. कान गेलेला माणूस ओरडूनच बोलतो. अंगणातली सगळी गर्दी गप्प झाली. "कशानं झालं म्हनलं हे समदं?"

मी घोंगड्यातून एक डोळा बाहेर काढून रेखाकडं पाहिलं. म्हटलं, वाचव बाई.

तिनं पदर सावरला. माझं घोंगडं नीट सारखं केलं, माझ्या केसांवरून मायेनं हात फिरवला आणि तात्यांच्या कानाशी वाकून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"विशेष काही नाही तात्या! हवा शिरली होती! आबांनी काढली!"

"हवा? कुठं शिरलीती?"

"डोक्यात!"

तात्यांनी समाधानानं मान डोलावली. माझ्या छातीवर थोपटलं आणि म्हणाले,

"व्हय, व्हय. बघायच्या कार्यक्रमालाच मला जरा जानवली व्हती. पर म्हनलं, संसाराला लागला की जाईल आपसूक!"